झाड एक

दाभोळच्या तरीवर
बाबा पत्र्याच्या डब्यात भाडं गोळा करत.
पलीकडे वेलदूर, मधे वाशिष्ठीचं तोंड.
दोन्ही काठांवर एकच रुपया चालायचा,
तेवढंच जग होतं.

एका संध्याकाळी हिशेब लावताना
आठ आण्यांच्या चवडीतून एक नाणं वेगळं निघालं.
आकार जवळजवळ तोच, खणखण जरा जड.
राजा नाही, सिंह नाही.
एक झाड,
दोन्ही बाजूंना घोस लोंबणारं.
बाबा म्हणाले, माड दिसतोय कुणाचातरी.
आणि स्वतःच्या खिशातले आठ आणे डब्यात टाकले.

आदल्या दिवशी आठ आणे मोडून घेणारी बाई एकच.
सकाळी मला घेऊन ते मापाऱ्यांच्या दारात गेले.
हलिमाबीने नाणं उन्हात धरलं.
अर्थ कळत नसला तरी अक्षरं तिला येत,
बे, हे, रे, ये, नून.
"ह्यो माड नाय रे तरवाल्या, खजूर हाय.
माज्या जैनूच्या पेटीतला."

जैनू आणि शरफू एकाच गलबताने गेलेले,
एका ट्रंकेत दोघांचे कपडे.
थोरला बहरैनला उतरला, धाकटा दुबईला.
पगार दोघांनाही आपल्याच रुपयांत:
आपलीच बँक, आपलेच सिंह,
फक्त दहाची नोट जांभळीऐवजी लाल.
आपले रुपये तिकडे जात
आणि सोनं होऊन रात्री याच खाडीत उतरत,
म्हणून सरकारने तिकडच्या नोटेचा रंग बदलला.
पोस्टमास्तर खेडेकर हे सांगत,
आणि 'याच खाडीत' म्हणताना आवाज खाली घेत.

मग त्या एवढ्याशा बेटाने स्वतःचा पैसा पाडला.
दहा रुपयांचा एक दिनार, हजार फिल्सचा दिनार,
शंभर फिल्सवर हे झाड.
म्हणजे बाबांनी आठ आण्यांना धरलं
तो तिकडचा सबंध रुपया होता.
जैनूने तेव्हा लिहिलं होतं,
'नवा पैसा हातात बसत नाही.
शरफू बरा, अजून रुपयात आहे.'

आठ महिन्यांनी, मिरगाच्या आदल्या दिवशी,
दिल्लीत रुपया उतरला.
दाभोळात काहीच पडल्याचा आवाज झाला नाही.
थोरल्याचा दहाचा दिनार पावणेसोळाचा झाला,
धाकट्याचे शंभर शंभरच राहिले.

दोघांची बोली होती कौलांची,
अर्धं छप्पर तू, अर्धं मी.
पुढच्या चैत्रात होडीतून मंगलोरी कौलं आली,
भाव चढलेला.
उत्तरेचा उतार आढ्यापर्यंत लाल झाला.
दक्षिणेला वासे ठोकून सुतार निघून गेला,
त्यावर पुन्हा पेंढा.
दोघी जावा एकाच चुलीशी बसत,
भाकरी थापताना वर बघत नसत.

त्या अर्ध्या छपराखाली उभे राहून
बाबांनी नाणं पुढे केलं.
हलिमाबीने त्यांची मूठ मिटवली.
"तुज्याकडंच ऱ्हाऊ दे.
घरात असला की धाकटी बघत ऱ्हाते त्याच्याकडं."

डब्याच्या तळाशी मग ते पडून राहिलं.
रोज मोजताना वर यायचं,
रोज बाजूला काढायचं.
बाबांच्या वहीत दर पानाच्या शेवटी
एक ओळ वाढली.

दोन वर्षांनी शरफू आला.
तरीत बसताना त्याने डब्यात वाकून बघितलं.
"ह्याचे इथं किती धरता?"
"आठ आणे."
तो हसायला लागला, थांबेना,
पाणी अर्ध्यावर आलं तरी हसत होता,
मग डोळे पुसून खाडीकडे तोंड करून बसला.
भाडं द्यायचं विसरला.
बाबांनी मागितलं नाही.

त्या दिवसाचं पान माझ्याकडे आहे.
शाई फिकट झालीय, मिठाने कडा खाल्ल्यात.
उतारू एकसष्ट.
पैकी एक फुकट.
झाड एक, जमेत नाही.