चुंबळ

आधी आली रबराची पिवळी कोंबडी.
पोट दाबलं की किंचाळायची.
मोहरीनं एकदाच दाबलं
आणि दिवसभर कपाटाखाली जाऊन बसली,
हातून काही भलतंच झाल्यासारखी.
सकाळी कोंबडी सापडली
पाण्याच्या भांड्याशी, चोच आत बुडवून ठेवलेली.

मग चेंडू. दौलतगंजातल्या लालवानीनं
काउंटरवर तीनदा उडवून दाखवला:
"सर, अल्सेशियन जान देते हैं इस पर."
गच्चीवर नेऊन मी फेकला.
तिनं चेंडूकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
तुझा आहे, तू टाकलास, तूच आण.
आणला. अकरा वेळा आणला.
समोरच्या गच्चीवरून शितोळे म्हणाले,
"गुडघ्यांना चांगलं असतं हो हे."

ऋचानं बंगळूरहून लाकडी कोडं धाडलं,
नऊ कप्पे, सरकती झाकणं,
आत बिस्किट लपवायचं, म्हणजे बुद्धी वाढते.
मोहरीनं पाटी पंजानं उलटी केली,
नऊही बिस्किटं खाल्ली
आणि पाटीवर डोकं ठेवून झोपली.
फोनवर मी सांगितलं, रोज सोडवते.

शेवटी डॉक्टर भदौरिया,
सुई टोचता टोचता, मान वर न करता:
"माट्साब, पसंद उसकी है कि आपकी?"
पैसे सुईचेच घेतले.

तेव्हापासून नुसता बघत राहिलो.
गजकचा रिकामा खोका: चार मिनिटं, मग चिंध्या.
मृदुलाच्या स्वेटरची उसवलेली बाही: नेली, परत आणून ठेवली.
कांद्याचं साल: एक शिंक.
दोऱ्याचं रीळ पलंगाखाली गेलं तेव्हा
कान उभे झाले, पण रीळ गेलं ते गेलंच.
आठवीच्या वह्या तपासताना
समासात मी हे टिपत होतो, पेन्सिलीनं.

जानेवारीत धुकं इतकं दाटलं
की किल्ला आठवडाभर नव्हताच.
शाळांना थंडीची सुट्टी.
म्हटलं, बसावं जरा तबल्याला, बोटं आखडलीत.
पहिल्याच समेवर
डग्गा कलंडला,
माझ्या धाचा नुसता ना झाला.
खाली चुंबळ नव्हती.

ती होती पलंगाखाली, मोहरीच्या तोंडात.
निळ्या कापडाची, बावीस वर्षांची,
माझ्या तळहाताची पावडर आणि घाम प्यायलेली,
एका बाजूला दबलेली, जशी मी दाबली तशी.
ती हवेत उडवायची, झेलायची,
वर्तुळात पाय घालून अडखळायची,
गळ्यात अडकली की गरगर फिरायची
आणि सुटली की पुन्हा आत तोंड खुपसायची.
इतकी शेपूट मी कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाड्याच्या मागच्या गल्लीतून
नवी आणली. लाल, गच्च भरलेली.
जुनीशेजारी ठेवली, दोघांत सौदा व्हावा म्हणून.
मोहरीनं हुंगली
आणि लालवानीच्या चेंडूकडे बघावं तसं बघितलं.

तर आता डग्ग्याखाली लाल आहे.
तो उंच बसतो, परक्या घरी बसावं तसा,
घुमत नाही पूर्वीसारखा.
मृदुला म्हणते, पूर्वी तरी कुठे घुमायचा.

संध्याकाळी मी सतरंजी अंथरली
की मोहरी येते, जुनी चुंबळ तोंडात,
माझ्या डाव्या मांडीवर आणून टेकवते
आणि सोडत नाही.
धर, म्हणते. ओढ.

मी डाव्या हातानं धरतो.
ती गुरगुरते, मागे सरते, सतरंजी गोळा होते.
उजव्या हातानं तीनताल चालू ठेवतो,
जमेल तेवढा, नुसत्या नानांचा,
आणि खालून तिचं ते गुरगुरणं,
कधी मात्रेवर, बहुतेक नाहीच.