ओठ नसलेली वेणी

एरंडवण्यात, इनामदारांच्या गच्चीवर,
हिरव्या जाळीखाली आम्ही सात जण
आणि एक भिंग, आळीपाळीने.

मधे स्टुलावर सीतेची वेणी.
ताम्हिणीकडे रस्ता रुंद झाला तेव्हा
आडव्या पडलेल्या आंब्यावरून
ढमाल्यांनी पोत्यात घालून आणलेली;
परवानगीचा कागद अजून त्यांच्या खिशात, घामाने मऊ.
चार वर्षं नुसती पानं.
यंदा मे महिन्यात तुरा आला, वीतभर,
आणि एकाही फुलाला ओठ नाही.

म्हणजे जिथं जांभळा ओठ पुढे यायचा,
मागे मधाची इवलीशी पिशवी,
तिथं आणखी एक पाकळी.
ठिपकेदार. बाकीच्यांसारखीच.
"पेलोरिक," खाजगीवाले बाई म्हणाल्या,
पत्रिकेतला मंगळ सांगावा तसं.

ऋत्विक म्हणाला, प्रदर्शनात पाठवू,
बाटल्यांत हजार रोपं करू, हुबेहूब हीच.
मग नावावरून अर्धा तास.
आईचं, मंडळाचं, शेवटी कुणीतरी पेठेचं सुचवलं
आणि चहा आला.

ढमाले कुंडीपाशी उकिडवे. चपला जिन्यातच.
"आमच्याकडं हिला बांडगूळ म्हणायचे.
मीबी म्हणायचो.
तुम्हीच शिकवलंत, ही झाडाचं खात नाही,
नुसती टेकते.
आता येवढंच सांगा,
माशी टेकणार कुठं?"

भिंग तेव्हा माझ्या हातात होतं.
एक मधमाशी खरंच आली, तुऱ्याभोवती फिरली,
दोनदा उतरायला गेली,
आणि माझ्या बशीच्या काठावर बसली.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला,
दातकोरणं मागितलं.
दोन पिवळे दाणे, मोहरीहून बारीक,
उचलले, आणि शेजारच्या साध्या वेणीला लावले.
"वाण बिघडेल," ऋत्विक.
"वाण असंच टिकतं," बाई, मान वर न करता.

आता शेंग धरलीय, पेराएवढी.
आत धूळ असावी तशा बिया,
शिदोरी न घेता निघालेल्या;
सालीतली बुरशी पहिला घास भरवेल तेव्हा रुजतील.
कुणाला ओठ फुटेल, कुणाला नाही,
बाईंनाही ठाऊक नाही, आणि त्या तसं कबूल करतात,
हे पुण्यात नवीनच.

ढमाल्यांचा दर सोमवारी फोन.
गावाकडच्या एका आंब्याला
त्यांनी आत्ताच काथ्या बांधून ठेवलाय.
उकलायला अजून सहा महिने, मी सांगते.
"असू द्या," म्हणतात, "झाड काही कुठं जात नाही."
मग थोडं थांबून,
"तेवढं बघतो मी."