भाकड महिने

आमच्याकडे पौषाला भाकड म्हणतात.
लग्न नाही, साखरपुडा नाही,
आटलेल्या गाईसारखा
दावणीला नुसता उभा महिना.

वेकफिल्डमध्ये तो नोव्हेंबरात येतो
आणि मार्च सरेपर्यंत हलत नाही.

सकाळी तळघरातल्या लॅबमध्ये उतरते तेव्हा अंधार,
रक्ताच्या नळ्या मोजून वर येते तेव्हाही अंधार.
मधला उजेड कुणी खाल्ला
हे बघायला तिथं खिडकी नाही.
बसथांब्यावर सगळे आभाळाला शिव्या देतात,
त्या एका कामात इथं आप-परभाव नाही.
डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. नवऱ्यानं दिवा आणला,
दहा हजार लक्सचा.
त्याच्यासमोर बसून मी पोहे खाते,
चौकशीला बसवलेल्या चोरासारखी.

यामिनीला शाळेत निबंध होता: आवडता ऋतू.
तिनं लिहिलं, हिवाळा.
कारण चार वाजता सगळ्यांच्या घरात दिवे लागतात
आणि पडदे ओढायच्या आत
आपल्याला आतलं दिसतं.

मी वाचलं आणि भांडी घासायला घेतली.

तिच्या वयाची असताना
मी बाईंनी फळ्यावर लिहिलेला ऋतू वहीत उतरवला होता,
वीस ओळी, दहापैकी आठ गुण.
खरा आवडता कुणी विचारलाच नाही.
तो पौषच होता, तोच भाकड:
वच्छीआत्या रात्री हरभऱ्यावर धोतराचं फडकं अंथरायची,
पहाटे ते दवानं जड झालेलं असायचं,
पिळलं की बाटलीत आंब.
फडक्याचा कोपरा मी चोखायचे.
दात आंबायचे, कान गार पडायचे,
आत्या म्हणायची, पुरे गं भवाने.

फेब्रुवारीत शेजारची मोरीन म्हणाली, चल,
माझ्या पुतण्याची शेड दाखवते. टॉर्च नको घेऊस.
लांबलचक, बुटकी, काळीकुट्ट शेड.
सळईंवर खोचलेल्या मेणबत्त्या,
आणि त्यांच्या उजेडात गुलाबी देठ, हजारो,
डोक्यावर पिवळट मुठी मिटलेल्या.
रूबार्ब.
दोन वर्षं मुळं बाहेर शेतात असतात,
हिवाने चावल्याशिवाय आत आणत नाहीत.
उजेड लागला तर देठ निबर होतो.
ऐक, मोरीन म्हणाली.
टप्. मग पलीकडे, टप्.
पापड मोडावा तसा
कोंब फुटल्याचा आवाज.

रॉय गेला त्या वर्षीही आले होते मी,
ती मेणबत्तीकडे बघून म्हणाली. पुढं काही नाही.

मला वाटलं, आता काहीतरी उमगणार.
उमगलं नाही.
पाय गारठले होते, लघवीला लागली होती.
दोन जुड्या घेतल्या, साडेचार पौंडाला.

घरी मेथांबा केला:
मेथ्या, गूळ, तिखट, वरून हिंगाची फोडणी.
मोरीननं तो टोस्टवर लावून खाल्ला.
वाटी परत आली ती कस्टर्ड भरून.
रिकामं भांडं परत देऊ नये
हे तिला कुणी सांगितलं असेल?

आज मार्चची एकोणीस तारीख. पाऊसही धड नाही,
हवेत नुसता ओला कंटाळा.
बसमधून उतरून घरी जाताना
पहिल्यांदाच लोकांच्या खिडक्यांत डोकावले, निलाजरेपणानं:
इस्त्री करणारा माणूस,
सोफ्यावर पसरलेलं कुत्रं,
एक मुलगा भिंतीला पाय लावून उलटा.
कोपऱ्यावर एक खिडकी पांढरीफटक, डोळे दिपवणारी.
आमचीच.

दिव्यापुढं पोह्यांच्या ताटलीच्या जागी
दह्याचा डबा ठेवलेला,
त्यात माती, मातीत हरभरे,
त्यांना बोटभर पाला आलेला.
डब्यावर चिठ्ठी: हात लावू नये, यामिनी.

हात नाही लावला.
वाकून जीभ लावली.

आंबट नाहीय.
अजून.