एक एल कमी

टॉडमर्डनच्या वरच्या अंगाला, कालव्यापाशी
एनॉक सटक्लिफचं दगडकामाचं आवार होतं.
मी चौदाचा. दगडावर पाणी मारायचो, छिन्न्या मोजायचो
आणि स्पेलिंगपायी शिव्या खायचो.

"फुल एकटा असला की दोन एल.
दुसऱ्याच्या पाठीला चिकटला की एकच.
केअरफुल, चिअरफुल, थँकफुल. एकच.
दगडाला खोडरबर नसतो, पोरा."

मला कळायचं नाही,
भरलेला अशा अर्थाचा शब्द
संसारात पडताच एका अक्षराने रिता कसा होतो.
विचारलं तर म्हणाला, "ते लंडनला विचार."

नोव्हेंबरात हेस्टर बॅराक्लफ आली.
ओल्या हातमोज्यातून कागद काढला, चार घड्यांचा.
सेथ बॅराक्लफ, सिग्नलमन. दोन सालं.
खाली एकच शब्द, फेथफुल. दोन एल घालून.
अक्षरामागे नऊ पेन्स;
तिने मोजून आणले होते, रुमालात गाठ मारून.

एनॉकने नऊ पेन्स वेगळे काढून तिच्याकडे सरकवले.
"एक एल जास्तीचा आहे, बाई."
तिने परत सरकवले.
"तो असंच लिहायचा. फ्रान्सहून आलेल्या
एकूण एक पत्राखाली. तुझा फेथफुल सेथ. दोन."

मग व्हिकर आले.
चर्चच्या आवारात चुकीचं इंग्रजी उभं राहणार नाही म्हणाले,
आणि चहा न घेता गेले.

तीन दिवस एनॉकने त्या दगडाला हात लावला नाही.
चौथ्या दिवशी शिसपेन्सिलीने आखणी केली,
दोन एल धरून शब्द मधोमध बसवला,
आणि कोरला एकच.
नऊ पेन्सांचं काय झालं, मी पाहिलं नाही.

दगड अजून आहे. नियमात बसतो.
शब्द तेवढा डावीकडे सरकलेला वाटतो;
बघणारे म्हणतात, कारागिराचा अंदाज चुकला.
हेस्टर यायची तेव्हा हातमोजा काढायची,
आणि अक्षरांवर नाही,
त्यांच्या पुढच्या कोऱ्या जागेवर बोट फिरवायची.
वरून खाली, मग थोडं उजवीकडे.

आता नातीचा अभ्यास माझ्याकडे असतो.
"ब्यूटिफुल. वाय जाऊन आय येतो, आणि शेवटी?"
"एकच एल. सोप्पंय," ती म्हणते, पेन्सिल चावत.
मी बरोबरची खूण करतो.
शब्दाला लागून नाही,
एका अक्षराची जागा सोडून.