पहिले इमान

बाराशे फुटांवर थ्रॉटलचा दांडा ढिला पडला,
बादली सुटल्यावर दोर पडतो तसा.
इंजिन मात्र फुल्ल.
"पहिले इमान सांभाळ," शालिक म्हणायचा,
"मंग कारण शोधजो."
नाक वर पळत होतं. दाबून धरलं.
बाभूळगाव दोनदा डाव्या पंखाखालून गेलं,
गच्चीवरच्या मिरच्यांसकट.

मग स्विच बंद.
वारा ऐकू आला, आणि माझा श्वास.
चालू. बंद.
जरा चालू.
कालव्यापल्याडचं हरभरा निघालेलं वावर
वर येत गेलं, भेगा दिसेपर्यंत.
शेपटी उचलली, विचार करून बसली.

शालिक पळत आला. माझ्याकडे पाहिलंच नाही.
केबलचं तुटलेलं टोक बोटांत फिरवलं:
"लुनाची टाकली?"
"हो."
"तरी म्या सांगतलं होतं तुले,"
म्हणाला, आणि मग कुठे
खाली मातीत बसला.