हेही पाहा

अकरा महिन्यांचं पत्र होतं माझं.
परळच्या नर्सिंग कॉलेजात, तळमजल्याच्याही खाली,
जिथे ट्यूबलाइट आधी विचार करते आणि मग लागते,
तिथे चार हजार दोनशे सोळा पुस्तकं, एक स्टूल,
आणि मी. ग्रंथपाल.
सहीखाली शिक्का मारताना इकडेतिकडे बघायचे,
चुकून दुसऱ्या कुणाचा तर नाही ना.

पदवीच्या वर्गात वर्गीकरण पाठ होतं,
दशांशचिन्हानंतरचे आकडेसुद्धा.
पण या नोकरीत विचारायला शेजारचं टेबल नसतं
हे कुठल्याच पेपरात आलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षाची पल्लवी मेश्राम आली, भंडाऱ्याची.
देवीच्या साथीतल्या सुइणींवरचा जुना अहवाल हवा होता तिला.
आपल्याकडे नाही, मी म्हटलं.
ती हलली नाही.
"मग कुणाकडे आहे?"

त्या संध्याकाळी खालचा ड्रॉवर उघडला,
गंजलेला, कारखानीसबाईंच्या वेळचा.
आत डांबरगोळीची पूड
आणि तालिकापत्रं. पुस्तकांची नव्हेत.

तुस्कानो, मेल्विन. वसईचा. गोदीजवळच्या ट्रस्टची लायब्ररी.
जुने नकाशे. बोलतो कमी, शोधतो फार.
खोपकर, र. वि. दादर. पुस्तक वेळेवर परत न केल्यास
ओळख विसरतो.
अन्सारी, तबस्सुम. नागपाडा. युनानी, वैद्यक, जुने अहवाल.
शुक्रवारी दुपारी फोन करू नये.
हेही पाहा: तुस्कानो.

नंबर सगळे सात आकडी.
गुरव शिपाई म्हणाला, मॅडम, पुढे एक दोन लावा.
लावला.
पहिला नंबर अस्तित्वात नव्हता.
दुसरा दातांच्या दवाखान्यात लागला.
तिसऱ्यावर खोपकरांचा मुलगा: बाबा गेले, मे महिन्यात.
कार्ड हातात धरून बसले बराच वेळ.
पुस्तकं बाद करायची नोंदवही असते,
तीन सह्या लागतात.
ते कार्ड परत जागेवर ठेवलं.

चौथा उचलला.
"परळ?" पलीकडची बाई म्हणाली,
"म्हणजे ड्रॉवर उघडला कुणीतरी.
तीन वर्षं झाली, या नंबरवरून फोन नाही."
अहवाल तिच्याकडे नव्हता.
पण नाही म्हणाली नाही ती.
म्हणाली, "थांब, विचारून सांगते."

पाचव्या दिवशी अहवाल आला,
नागपाड्याहून शिवडी, शिवडीहून माटुंगा,
माटुंग्याहून कुणाच्या तरी भाचीच्या डब्याच्या पिशवीत,
वर लोणच्याच्या तेलाचा एक डाग.
पल्लवीने डागासकट झेरॉक्स काढली.

मग एका शनिवारी बोलावलं त्यांनी,
सातजण, भायखळ्याच्या बागेबाहेरच्या बाकावर.
उकडलेल्या शेंगा खात खात
कसरीवर काय मारायचं, कुठला विक्रेता
जुन्या आवृत्तीला नवं कव्हर चढवतो,
कुणाचा पगार दिवाळीपासून अडकलाय.
मोठं काहीच नाही.
तबस्सुम आपा सालं वेचत होत्या, कागदात ठेवत होत्या.
मेल्विन निघताना एवढंच म्हणाला,
बुरशीचं पुस्तक उन्हात नको, पंख्याखाली ठेव.
मी पहिल्यांदाच प्रश्न न विचारता
उत्तर घेऊन घरी आले.

काल दुपारी फोन वाजला.
"मॅडम, निरंजन तांडेल बोलतोय, मढहून.
शाळेच्या लायब्ररीत लागलोय, आठवडा झाला.
पुस्तकं खाऱ्या हवेनं फुगलीत. कपाटं मिटत नाहीत.
तुमचा नंबर आपांनी दिला."

मला येत नव्हतं याचं उत्तर.
डोक्यावर ट्यूबलाइट विचार करत होती.
थांब, म्हटलं, विचारून सांगते.

मग कोरं कार्ड काढलं.
तांडेल, निरंजन. मढ. नवा. दमट पुस्तकं.
हेही पाहा, लिहिलं,
आणि त्यापुढे माझं नाव.
पेन्सिलीनं,
कारण पत्र संपायला एकोणीस दिवस आहेत.
नंबर मात्र कॉलेजचा नाही दिला,
माझा दिला.