पेवाचं तोंड

मे महिना, हरिपूर, दुपारचे तीन.
खोलीत एकेचाळीस,
आणि टेबलाखालच्या काळ्या डब्यात,
ग्राफिक्स कार्डाच्या पोटात, अठ्ठ्याऐंशी.
स्क्रीनच्या कोपऱ्यातला तो आकडा मी
तापानं फणफणलेल्या पोराच्या उशाशी बसावं
तशी बघत बसते.

अंकलखोपच्या लग्नाची फिल्म आहे,
तीन तास चौदा मिनिटं.
छप्पन्न टक्क्यांपर्यंत नीट जाते,
मग कार्ड आपणहून पाय आखडतं,
उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर चढाला लागावा तसं.
नवरीच्या मामाचा फोन येतो.
मी सांगते, रंग चाललेत.

कार्ड जुनंच घेतलेलं,
मिरजेच्या इम्तियाज सतारमेकरकडून.
त्याच्या घरात तीन पिढ्या भोपळे कोरत होत्या.
हा मदरबोर्ड उघडतो.
फोनवर पंख्याचा आवाज ऐकवला तर म्हणाला,
"बेअरिंग सुरात आहे. पेस्ट वाळली असणार."
आला, स्क्रू काढले,
तर हीटसिंकच्या पात्यांतून हळद निघाली.
गोदामं बंद पडून इतकी वर्षं झाली,
या आळीत धूळ अजून पिवळीच पडते.
त्यानं खडूसारखी झालेली जुनी पेस्ट पुसली,
नवी लावली, वाटाण्याएवढी.
"मायेनं जास्त लावायची नाही," म्हणाला,
चहा घेतला, गेला.

चौऱ्याऐंशी.
चार अंशांचे साडेचारशे रुपये.

रात्री आप्पा दारात उभे.
पुरात बुजली तोवर पेवांवर काम केलेला माणूस,
आता गुडघे धरून चालतो.
"काय गं राजमती, हे सारखं का केकाटतंय?"
पंखे, म्हटलं. पूर्ण वेगात आहेत.
"वारं आत जातंय. बाहेर कुठनं जातंय?"

मला उत्तर देता आलं नाही.
ते देवळीकडं गेले, उदबत्ती पेटवून आणली,
डब्याच्या पुढ्यात धरली:
धूर सरळ आत ओढला गेला.
मागच्या जाळीपाशी धरली:
तिथूनही आतच.
दोन्ही पंखे आत फुंकणारे.
मागचा मीच बसवला होता,
दिवाळीत, घाईत, उलटा.

"पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं,"
आप्पा खाली बसता बसता म्हणाले,
"तोंड मोकळं ठेवायचं. अर्धा दिवस.
मग दोरीला कंदील बांधून सोडायचा.
ज्योत बारीक झाली की माणूस वरच थांबतो."
थोडं थांबून,
"दादू थांबला न्हाई."

दादूकाकाचा आमच्याकडे एकच फोटो आहे,
कुणाच्या तरी लग्नातला, अर्धा कापलेला.
मी काही विचारलं नाही.
चार स्क्रू काढले, पंखा फिरवला,
चार स्क्रू लावले.
डबा भिंतीपासून वीतभर पुढं ओढला.
उदबत्ती अजून आप्पांच्या हातात होती.
मागून आता धूर बाहेर येत होता,
सावकाश, गरम.

शहात्तर.
मग इम्तियाजनं फोनवर सांगितलं तसं
कार्डाचा व्होल्टेज थोडा उतरवला.
वीज कमी, काम तेवढंच. हे मला अजून पटत नाही,
पण एकाहत्तर.
छप्पन्न टक्के गेले. साठ गेले.
हळदीच्या कार्यक्रमाचा भाग आला,
नवरीचं पिवळं तोंड एकेक चौकट पुढं सरकत होतं.

आप्पा खुर्चीतच झोपले.
राख फरशीवर पडली होती.
डब्याचं झाकण लावायचं राहिलंय,
सकाळी लावीन.
मधेच उठून मी हात आत न घालता
नुसता तोंडापाशी धरून पाहिला.